दोन कुंभारवाडे

नोकरीत असताना आपण पुष्कळ चाललो, असा माझा समज होता. महसूल खात्यात तीन तपांच्या आसपास काढलेल्या माणसाचा असा समज होणे स्वाभाविकच आहे. पीकपाहणी, पंचनामे, टंचाईची पाहणी, निवडणुकीची मतदान केंद्रे, असे पायाला चक्र लागलेलेच असे. निवृत्तीनंतर, गुडघे कुरकुरू लागल्यावर, दोन कुंभारवाड्यांतून पायी हिंडण्याचा योग आला. तेव्हा ध्यानात आले की त्यातले बहुतेक अंतर मी जीपने तोडले होते आणि उरलेले कागदावर. त्या दोन फेरफटक्यांची ही हकिकत आहे. एक जपानातील तोकोनामे या गावचा, दुसरा मुंबईत धारावीचा. या दोहोंच्या आड एक तिसरा कुंभारवाडा आहे. तिथे मी चालत गेलो नव्हतो. खरे सांगायचे तर त्याच्यासाठीच लेखणी हाती घेतली आहे.

माझे वडील १९५५ साली, म्हणजे नगर हवेली मुक्त झाली त्याच्या पुढच्या वर्षी, प्राथमिक शिक्षक म्हणून सिल्वाशाला आले. या पत्रिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची कथा थोड्याफार फरकाने हीच असेल. घाटावरून आलेल्या माझ्या आईला इथले सगळेच नवे होते. बाजारातली बोली नवी, पाऊस नवा, तांदळाची चवदेखील नवी. मडक्यांच्या बाबतीत मात्र तिला कधी परके वाटले नाही. बाजाराच्या दिवशी बैलगाडीत पेंढा अंथरून कुंभार मडकी आणी. आई वाकून एकेका माठावर बोटाच्या पेराने टिचकी मारी आणि आवाज ऐकून निवड करी. संक्रांतीला सुगडे, चैत्रात माठ, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. आणि कुणाच्या घरी वाईट घडले तर रात्री-अपरात्रीसुद्धा एक कोरे मडके कुठून तरी येई. जन्मापासून मरणापर्यंतचे एकही कार्य मडक्यावाचून अडल्याशिवाय राहत नसे. तरीही ते घडवणाऱ्याचे घर कुठल्या वाटेवर आहे, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे इथे कारखाने आले. त्यांत प्लॅस्टिकचेही आले. घरोघरच्या माठांच्या जागी रंगीत पिंपे आली आणि पेंढ्याची गाडी कधी यायची थांबली, तेही कुणाच्या लक्षात राहिले नाही.

माझी धाकटी कन्या व जावई नोकरीनिमित्त नागोया येथे राहतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता, एका रविवारी तिने आम्हाला तोकोनामेला नेले. नागोयाहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत हे गाव येते. बिझेन, एचिझेन, सेतो, शिगाराकी, तांबा आणि तोकोनामे ही जपानातील सहा प्राचीन भट्ट्यांची गावे मानली जातात. मध्ययुगापासून तिथे मातीकाम अखंड चालू आहे, आणि २०१७ साली या सहाही गावांना मिळून राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली. गावात पायी हिंडण्यासाठी ‘कुंभारकामाची पायवाट’ आखलेली आहे. तिचा लहान फेरा सुमारे १.६ किलोमीटरचा. ठिकठिकाणी क्रमांकाचे फलक आहेत, त्यामुळे चुकायचे म्हटले तरी चुकता येत नाही. आमच्यासोबत एक सत्तरीच्या बाई वाट दाखवायला होत्या. त्यांचे वडील याच गावच्या भट्टीवर कामाला होते. त्या बोलत, कन्या मराठीत सांगे, आणि आम्ही दोघे पायाखाली बघत चालत असू; कारण तिथे पायाखालीसुद्धा पाहण्यासारखे होते.

आम्हाला वाटले होते की हे गाव कपबशांवर आणि फुलदाण्यांवर मोठे झाले असेल. तिथला लाल मातीचा चहाचा बुधला नामांकित आहे खरा. त्याची कसबी रीत १८७८ साली एका चिनी कारागिराला बोलावून इथल्या कुंभारांनी शिकून घेतली. तथापि गावात सुबत्ता आणली ती गटारांच्या नळांनी! १८७० नंतरच्या दशकात योकोहामाच्या परदेशी वस्तीला सांडपाण्यासाठी भाजलेल्या मातीचे नळ हवे होते. ते तोकोनामेच्या कुंभाराने करून दिले आणि पुढे देशभरच्या जमिनीखाली या गावचे नळ गेले. आज एका अरुंद चढाच्या एका बाजूला ते जुने नळ आणि दुसऱ्या बाजूला मद्याचे मातीचे बुधले एकावर एक रचून भिंती बांधलेल्या दिसतात. पायाखाली मातीची वर्तुळे बसवलेली आहेत. नळ भाजताना आधाराला ठेवायच्या कड्यांचा तो टाकाऊ माल. चढावर पाय घसरू नये म्हणून तो जमिनीत पुरला. कुणा शिल्पकाराने योजून केलेले हे काम नव्हे. जे विकले गेले नाही ते कुंभारांनी टाकून न देता दरड धरायला वापरले, इतकेच. या साधेपणामुळेच तो चढ मनात राहिला.

चढ संपल्यावर पायऱ्यापायऱ्यांची भट्टी लागते. उतारावर आठ दालने एकापुढे एक चढत गेलेली आहेत. खालच्या दालनातली आच वरच्यात जाते, तिथून त्याच्या वरच्यात. एकच लाकूड जणू पुन्हापुन्हा कामाला येते. माथ्यावर दहा धुराडी आहेत, आणि सर्व दालनभर आच सारखी खेचली जावी म्हणून कडेची उंच, मधली बुटकी ठेवलेली. ही भट्टी १८८७ साली बांधली. १९७४ साली तिच्यात शेवटचा माल भाजला गेला. आता आत डोकावता येते, गारव्यात बसता येते. गावातल्या दुसऱ्या एका थंड धुराड्याच्या तोंडातून तर झुडूपच उगवले होते. सर्वजण त्याचे छायाचित्र घेत होते. मीही घेतले.

वाटेवरच्या जुन्या घरांच्या लाकडी भिंती काळ्या कुळकुळीत होत्या. मला वाटले, ही इथली शोभेची रीत असावी. बाई हसल्या. धुराने सगळेच काळे होते, म्हणून लोकांनी आधीच डांबर फासून घेतले, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या लहानपणी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. मी विचारले, “भट्ट्या पेटत होत्या तेव्हा बाहेरगावची माणसे हे पाहायला येत असत का?” कन्येने प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून तीच हसू लागली. बाई म्हणाल्या होत्या, “तेव्हा कोण येणार? ज्यांना जमले ते इथून निघून गेले. लोक यायला लागले ते धूर संपल्यावर.”

हे वाक्य मी वहीत टिपून ठेवले. त्या वेळी ते केवळ मार्मिक वाटले होते. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल, असे मनात आले नाही. लाल मातीचा एक लहानसा बुधला घेऊन आम्ही परतलो.

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, कन्या माहेरी आली होती. त्या बुधल्यातून चहा ओतताना ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तोकोनामे पाहिलेत, पण धारावीचा कुंभारवाडा पाहिलात का?” मी गप्प राहिलो. माहीम-वांद्र्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, खाडीवरून गाडी जाताना नाकाला रुमालही लावला असेल. धारावीत मात्र कधी उतरलो नव्हतो. तिथेही स्थानिक तरुण पाहुण्यांना पायी हिंडवून आणतात असे तिने सांगितले आणि लगेच नावेही नोंदवली. दोनच दिवसांनी पहाटे वापीला गाडी धरली, बोरिवलीला उतरून लोकल घेतली आणि साडेदहाच्या सुमारास आम्ही माहीम स्थानकाच्या पुलावर उभे होतो.

आमचा वाटाड्या बावीस-तेवीस वर्षांचा, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आईवडील तमिळ, जन्म धारावीतला, मराठी आपल्या-तुपल्यासारखी. आम्ही तिघे, पुण्याचे एक दांपत्य आणि दोन परदेशी पाहुणे एवढी आमची मंडळी. त्याने आरंभीच दोन गोष्टी सांगितल्या. “छायाचित्रे घ्यायची नाहीत, इथे माणसे राहतात. आणि कृपा करून नाकाला रुमाल लावू नका.” मी खिशाकडे गेलेला हात हळूच मागे घेतला.

धारावीच्या गल्ल्यांतून चालायचे म्हणजे समोरून माणूस आला की कोणी तरी भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. डोक्यावर तारा, पायाखाली झाकलेली गटारे, आणि दोहोंच्या मधून एकामागे एक जाणारे आम्ही. क्रमांकाचे फलक नव्हते, पण वाटाड्याला दर चार पावलांवर कोणी ना कोणी हाक मारीत होते. मग एका वळणावर एकाएकी आभाळ दिसले. “हा कुंभारवाडा,” तो म्हणाला. लांबट घरांच्या ओळी, त्यांच्या मधोमध मोकळी जागा आणि त्या जागेत विटांच्या बुटक्या भिंतींच्या चौकोनी भट्ट्या. घराचे पुढचे दार भट्टीकडे उघडते. आत चाक, त्यामागे माती मळण्याची जागा, पलीकडे किंवा माळ्यावर संसार. चाके आता बहुतेक विजेवर फिरतात. भिंतीच्या कडेने ओल्या कुंड्या, उंबऱ्याशी पणत्यांचे ढीग, आणि त्या आठवड्यात जिकडेतिकडे सुगडे. काही कच्ची, करड्या रंगाची. काही भाजलेली, लाल.

हे कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. तिकडच्या अवर्षणाला कंटाळून त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबईला येऊ लागले. पहिली वस्ती दक्षिण मुंबईत. गिरगावच्या बाजूला अजूनही एका भागाला कुंभारवाडा हेच नाव आहे, कुंभार मात्र उरलेले नाहीत. शहर वाढले तसे कुंभार उत्तरेकडे सरकत गेले, आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत धारावीला आले. त्या काळी धारावी म्हणजे खाडीकाठचा कोळीवाडा, चामड्याची कारखानदारी आणि दलदल. शहराला नको असलेले सारे शहराच्या वेशीबाहेर. नव्वद वर्षांत वेसच पुढे गेली. आज सुमारे १२ एकरांचा हा कुंभारवाडा मुंबईच्या मध्यावर आला आहे, आणि पलीकडच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती इथून फार दूर नाहीत. धारावीच्या पुनर्विकासाची योजना २००४ पासून कागदावर होती. २०२२ च्या नोव्हेंबरात निविदा उघडल्या गेल्या आणि २०२४ पासून घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. उंच इमारतीत सदनिका मिळेल; पण आठव्या मजल्यावर माती कशी चढवायची आणि भट्टी कुठे पेटवायची, हा इथल्या माणसांचा प्रश्न. वाटाड्याने तो कुठलाही आवेश न आणता सांगितला.

एका भट्टीला नुकतीच आग दिलेली होती. कापसाचा व कापडाचा टाकाऊ माल जळत होता, आणि खापऱ्यांच्या आच्छादनाखालून दाट, पांढरट धूर निघत होता. पुण्याच्या बाई खोकू लागल्या. माझेही डोळे चुरचुरले. आपला माठ साधारण ८०० अंशांच्या आसपास भाजला जातो. त्याहून फार आच दिली तर त्याची रंध्रे मिटतील आणि पाणी गार होणार नाही. तोकोनामेच्या नळाला पाणी झिरपू द्यायचे नसते, आपल्या माठाला ते झिरपू द्यायचेच असते. ही विद्या लहानसहान नव्हे. तिच्यापायी होणारा धूर मात्र खराच होता. तो कुठल्याही कवितेतला नव्हता. भट्टीशेजारच्या उंबऱ्यात एक बाई पदराने तोंड झाकून सुगडे रचीत बसली होती, आणि तिच्या पाठीशी पाळणा होता.

त्या घराच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ माठ थोपटीत होते. आत डाव्या हाताने दगडी गुंडा धरलेला, बाहेरून उजव्या हातातल्या थापटण्याचे हलके ठोके. मी गुजरातीत चौकशी केली तसे त्यांचे तोंड खुलले. आपल्या सिल्वाशात वाढलेल्या माणसाला दुसरे काही नाही तरी गुजराती येते, तिचा असा उपयोग झाला. “बेसो,” म्हणत त्यांनी पाट पुढे सरकवला. मी सिल्वाशाचा, मराठी, सरकारी नोकरीतून निवृत्त, असे सांगितले. कोणते खाते, असे त्यांनी विचारले. महसूल, असे मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. “मग मोजायला आलात?”

“नाही हो. निवृत्त झालो. नुसता पाहायला आलो.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा थोपटू लागले. “पाहायला परदेशी येतात,” ते म्हणाले, “मोजायला आपले.”

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी धुराचा विषय काढला. आपली बायको धुराने खोकते, नातवाला हा धंदा नको आहे, आणि कोणी बिनधुराची भट्टी परवडेल अशी करून दिली तर आपण उद्या ही पाडू, असे त्यांनी सरळ सांगितले. मग शेजारच्या भाजलेल्या माठांपैकी एक उचलून, कानाशी नेऊन थापटण्याच्या दांड्याने वाजवला, बाजूला ठेवला, दुसरा उचलला. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर हलकेच ठोका दिला, आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. त्या ओट्यावर बसून मला ती गोष्ट आठवली, आणि तिच्यामागोमाग अडतीस वर्षांपूर्वीची एक फाईल आठवली.

१९८७ साल होते. मी एका तालुक्याच्या गावी नवखा नायब तहसीलदार होतो. गावाच्या कडेला एका कुंभाराचा आवा होता, आणि त्याच्या अलीकडे नोकरदारांची नवी वसाहत झाली होती. धुराचा त्रास होतो अशी तीस-पस्तीस सह्यांची तक्रार आली. सह्या करणारे प्रतिष्ठित होते, काही माझ्या परिचयाचे होते, आणि तक्रार खोटी नव्हती. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ अशा सार्वजनिक उपद्रवासाठीच होते. मी जीपमधून स्थळपाहणीला गेलो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. धूर तिथूनच दिसत होता, त्यामुळे खाली उतरण्याचे कारण वाटले नाही. पंचनामा शिपायाने आणलेल्या खुर्चीत बसून झाला. कुंभाराचे म्हणणे एका अर्जाच्या रूपाने आले; त्यावर ‘अर्ज दप्तरी दाखल’ असा शेरा मी मारला. टिपणी माझी, सही वरिष्ठांची. आवा हलवण्याचा हुकूम निघाला. पर्यायी म्हणून गावाबाहेरच्या माळावरची जागा सुचवली गेली. तिथे पाणी नव्हते, पण जागा होती, आणि कागदाला तेवढे पुरते.

तो कुंभार एकदाच कचेरीत आला होता. टोपी हातात धरून उभा होता. “साहेब, आवा काय डोक्यावर उचलून न्यायचा?” असे त्याने विचारले. हुकमाविरुद्ध वर दाद मागता येईल, असे मी सांगितले. ते उत्तर कायद्याला धरून होते. पाच-सहा महिन्यांनी माझी बदली झाली. वसाहतीतल्या मंडळींनी निरोपाला नारळ दिला.

हुकूम चुकीचा होता, असे आजही मला सरसकट म्हणवत नाही. धूर वसाहतीतल्या मुलांच्या छातीत जात होता आणि कुंभाराच्या मुलांच्याही. जुने ते सारे सोने, असे म्हणून डोळे पुसायला मला आवडत नाही. तोकोनामेच्या बाईंनीही आपल्या काळवंडलेल्या बालपणाचे गोडवे गायले नव्हते. कुंभारवाड्याच्या ओट्यावर मला बोचले ते निराळेच. परदेशातली एक विझलेली भट्टी पाहायला मी साठी ओलांडल्यावर, गुडघे दुखत असताना, हौसेने चढ चढून गेलो होतो. आणि ज्या पेटत्या आव्याचे भवितव्य माझ्या टिपणीवर होते, तिथवर जाण्यासाठी अठ्ठाविसाव्या वर्षी मी जीपमधून उतरलो नव्हतो.

त्या वृद्धांनी वाजवून दिलेला माठ मी विकत घेतला. परतीच्या गाडीत तो वापीपर्यंत मांडीवर होता. समोरच्या एका तरुणाने आपली जागा देऊ केली, ती मला नव्हे, माठाला. घरी आल्यावर सौ.ने टिचकी मारून पाहिली, अगदी माझी आई मारीत असे तशी, आणि मान डोलावली.

मार्चच्या अखेरीस मी त्या तालुक्याच्या गावी गेलो. कुणाला काही सांगितले नाही; सौ.ला एवढेच म्हटले की जुन्या गावाला जाऊन येतो. वसाहत आता जुनी झाली आहे, दोन इमारतींना टेकू लावलेले आहेत. आव्याच्या जागी मोटारी उभ्या होत्या. बाजारात चौकशी केली तेव्हा त्या कुंभाराचा मुलगा भेटला. पन्नाशीचा गृहस्थ, रस्त्याच्या कडेला दुकान. प्लॅस्टिकच्या बादल्या, झाडू, पायपुसणी, आणि पुढे हंगामाचे दहा-बारा माठ. माठ कुठले, असे विचारले. “मुंबईचे, धारावीचे,” तो म्हणाला. वडील जाऊन पंधरा वर्षे झाली होती. माळावरच्या जागेत त्यांनी आवा लावलाच नाही. काही वर्षे वीटभट्टीवर गेले, मग घरीच बसले.

मी माझी ओळख दिली. “तो हुकूम मी लिहिला होता,” असे म्हणालो. हे वाक्य मी सिल्वाशापासून मनात घोळवीत आलो होतो, तरी उच्चारताना घसा कोरडा पडला.

त्याने हातातला झाडू खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, “धूर होताच, साहेब. आईला दमा होता.” मग चहा सांगितला. चहा पिता पिता, तक्रारीचा कसलाही सूर न लावता, तो म्हणाला, “वडिलांनी अर्ज दिला होता. माझ्याच हाताने लिहून घेतला होता, मी शाळेत होतो तेव्हा. महिन्यातून दोनदाच आवा लावीन, वारा वसाहतीकडे नसेल त्याच रात्री लावीन, आणि उंच धुराडे बांधायला सहा महिने द्यावेत, असे लिहिले होते. त्याचे उत्तर काही आले नाही.”

उत्तर येणार नव्हते. तो अर्ज मी वाचलाच नव्हता. त्यावरचा माझा शेरा मला आठवतो, अक्षर आठवते, शाई आठवते. मजकूर आठवत नाही, कारण तो माझ्या डोळ्यांखालून गेलेलाच नाही. तोकोनामेच्या माथ्यावरची ती लहानमोठी दहा धुराडी डोळ्यांपुढे उभी राहिली. कडेची उंच, मधली बुटकी.

त्याने चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत. माठाचे घेतले, दोन रुपये कमी करून. माठ त्याच्याकडेच ठेवून मी जुन्या कचेरीपाशी गेलो. इमारत तीच आहे, रंग नवा आहे. तिच्या दारापासून आव्याच्या जागेपर्यंत मी हळूहळू, गुडघ्याच्या मानाने चालत गेलो. वाटेत एक उतार आहे, एक पिंपळ आहे, एक जुनी विहीर आहे. त्या काळात मी त्या कचेरीत दीड वर्ष बसत होतो आणि यांतले काहीच पाहिले नव्हते. मोटारींपाशी पोहोचल्यावर घड्याळ पाहिले. सात मिनिटे लागली होती.